सत्याच्या वहीची मागची बाजू

मंगळवारी सकाळी छापखान्याच्या तळमजल्यावरून छापील कागदांचे गठ्ठे वर आले, तेव्हा बांधणी खात्यात नेहमीसारखी खळ शिजत होती आणि मावशी नेहमीसारख्या कुणाच्या तरी नावाने खडे फोडत होत्या. बांधणी खाते त्यांच्या ताब्यात होते. त्यांच्या हाताखाली तीन बायका घड्या घालीत, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी एक सडपातळ तरुण सुईदोऱ्याने पुस्तके शिवीत बसे. त्याला सगळे मौनी म्हणत. तो दिवसभरात जितके बोले तितके मावशी एका श्वासात बोलत, आणि दोघांची मिळून सरासरी ठीक येते अशा समजुतीने खाते सुखात चालले होते.

"मौनी, ऊठ. तुझ्या तीर्थरूपांचं पुस्तक आलंय," मावशी म्हणाल्या. "दोनशे प्रती. शनिवारी दुपारी सभागृहात पोचल्या पाहिजेत. आणि तोंड जरा हसरं ठेव रे. बापाचा गौरवग्रंथ पोराच्या हातून शिवला जातोय, आणि तू बसलायस दाढ दुखत असल्यासारखा."

वडील चाळीस वर्षे एकाच शाळेत होते. त्यांतली बावीस मुख्याध्यापक. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ काढला होता. मुलाने त्यात लेख लिहावा, असा निरोप वडिलांनी तीनदा पाठवला. मौनीने तीनदा 'बघतो' म्हटले. चौथा निरोप आला नाही, तेव्हा आपण सुटलो असे त्याला वाटले होते.

मजकुराचे कागद साधे होते. पण छायाचित्रांची आठ पाने जाड, चकचकीत कागदावर एकाच बाजूला छापून वेगळी आली होती. अशी पाने शिवता येत नाहीत. कडेला खळीची बारीक रेघ ओढून ती हाताने एकेक चिकटवावी लागतात. ते काम मौनीचे. पहिल्या पानावर वडील तरुणपणी, दुसऱ्यावर शाळेची इमारत, मग बक्षीस समारंभ, मग सहकाऱ्यांसह. पाचवे पान उचलले आणि त्याचा हात तसाच राहिला.

त्या पानावर माणूस नव्हता. लहान मुलाचे अक्षर होते, ओळी उताराला लागलेल्या. वर ठळक टायपात 'सत्याची वही'. मध्ये वहीतल्या पानाचे छायाचित्र: 'आज ताईने सूक्ष्मदर्शक फोडला. मी पाहिले.' त्याखाली वडिलांची लाल शाईची सही. आणि सर्वांत खाली छापले होते: 'अशा संस्कारात वाढलेल्या नऊ वर्षांच्या मुलाने सख्ख्या बहिणीचीही गय केली नाही.'

त्याचा लेख पुस्तकात होता तर. सतरा वर्षांपूर्वीच लिहून झालेला.

त्या घरात रोज दिवेलागणीला एक वही उघडली जाई. दिवसभरात घरात काय बिघडले, काय सांडले, कोण काय खोटे बोलले, ते धाकट्याने लिहायचे आणि उभे राहून मोठ्याने वाचायचे; मग वडील खाली लाल शाईने सही करायचे. सही झाली की ते सत्य. त्यावर अपील नाही. धाकट्यालाच का नेमले, याचे कारण वडील पाहुण्यांना अभिमानाने सांगत: लहान मुलाला बनाव सुचत नाही. आई वही उघडली की स्वयंपाकघरात जाई आणि नसलेली भांडी घासू लागे.

लहान मुलाला बनाव सुचतो. कसे सुचू नये? शाळेचा सूक्ष्मदर्शक दुरुस्तीहून परत येताना दोन दिवस घरी मुक्कामाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, मौनीने माशीचा पंख काचेखाली ठेवला आणि नीट दिसावा म्हणून स्क्रू फिरवत नेला, फिरवत नेला, आणि मग कट्‌ असा इवलासा आवाज झाला. तो आवाज त्याच्या कानांतून आजवर गेलेला नव्हता. त्यापूर्वीच्या महिन्यात पेल्यातले पाणी पुस्तकावर सांडले म्हणून तो अख्खी दुपार अंधाऱ्या न्हाणीघरात कोंडलेला होता. संध्याकाळी वही उघडली तेव्हा त्याने ताईचे नाव लिहिले.

ताई पंधरा वर्षांची होती. 'हे खोटं आहे,' एवढेच ती म्हणाली. वडील म्हणाले, 'वहीत आहे.' ते पान साऱ्या शाळेपुढे वाचून दाखवायची तिला आज्ञा झाली. तिने मान हलवली, नाही. दुसऱ्या दिवशी तिचे नाव शाळेच्या पटावरून गेले. वर्षभर ती घरात बसली. मग मामा तिला घेऊन गेला तो कायमचाच. प्राणिशास्त्र शिकायचे तिच्या मनात होते, ते मनातच राहिले. नातलगांत मात्र तिचे नाव पक्के झाले. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ती अर्धा तास येऊन गेली, आणि तिची पाठ वळताच आत्या म्हणाली होती, 'तिच्या बोलण्यावर जाऊ नका हं कुणी.' मौनी शेजारीच उभा होता. तेव्हाही तो मौनीच होता.

"काय रे? भूत दिसलं?" मावशींनी विचारले.

"मी संध्याकाळी जरा लवकर जाईन."

"वाक्य बोलला! लिहून ठेवा गं कुणीतरी."

* * *

ताई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. पाण्याची धार पडत असलेल्या चाकावर ती काच धरी, कान जवळ नेऊन घासण्याचा आवाज ऐके, आणि मग फ्रेममध्ये अशी बसवी की जणू ती तिथेच उगवली असावी. मौनीला दारात बघून तिने चाक थांबवले नाही.

"काय, चष्मा लागला वाटतं?"

त्याने पिशवीतून छपाईत डागाळलेले एक पान काढून टेबलावर ठेवले. तिने हात पुसले आणि वाचले. वाचायला दोन ओळी होत्या, पण ती बराच वेळ वाचत होती.

"ताई, तो सूक्ष्मदर्शक मी फोडला होता."

"मग?"

"मग... तो मी फोडला होता."

"एवढं सांगायला सतरा वर्षं लागली तुला? तीन गल्ल्या पलीकडे राहतोस." तिने चाक बंद केले. "आणि मला काय नवीन सांगतोयस? तुझ्या बोटात काच घुसली होती. मी क्लासहून आले तेव्हा मोरीत उभा राहून रडत होतास. पट्टी कोणी बांधली?"

तो आपल्या बोटाकडे पाहू लागला. तो वण त्याने हजारदा पाहिला होता. पट्टी मात्र आठवणीतून कशी निसटली होती कोण जाणे.

"मग तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुला परत न्हाणीघरात कोंडलं असतं. मागच्या वेळी बाहेर आलास तेव्हा दोन दिवस बोलला नव्हतास. मला वाटलं, माझं काय, मी मोठी आहे, दोन शब्द ऐकून घेईन. शाळा जाईल असं कुठे ठाऊक होतं?" ती थांबली. "आणि राग आला नाही असं समजू नकोस. भरपूर आला. अजून आहे. तो कुठे जात नाही, बसलाय आपला कोपऱ्यात."

मौनीने पिशवीतून आणखी चार कागद काढले. आई गेली तेव्हापासून तो हे लिहीत होता. खोडत होता, पुन्हा लिहीत होता. त्यात न्हाणीघराचा अंधार होता, लाल शाई होती, स्वयंपाकघरात आवाज न करता रडणारी आई होती. ते सगळे त्याच्या परीने सुंदर होते, आणि ते आजवर कुणी वाचलेले नव्हते. ताईने काचेवर खुणा करायचे बारीक टोकाचे पेन उचलले आणि पहिल्याच ओळीवर आडवी रेघ मारली.

"हे 'नकळत माझ्या हातून' काय आहे? नकळत काढ. चांगलं कळत होतं तुला."

"हो."

"ही 'अभागी, मूक, सोशिक बहीण' कोण? मी? मूक?" ती मोठ्याने हसली, तशी पुढच्या खोलीतून दुकानदाराने डोकावून पाहिले. "मला बिचारी करून ठेवू नकोस. मी तोंडावर नाही म्हटलं होतं त्यांच्या. त्या घरात तेवढी एकच हिंमत झाली, ती पण तू खाऊन टाकलीस की रे या कवितेत."

"'क्षमस्व' असू दे?"

"माफी माझी माग. वाचकांची कशाला? त्यांनी काय केलंय?"

त्याने तिच्याकडे पाहिले. हे शब्द त्याने चार पानांत चाळीस प्रकारे लिहिले होते, पण तोंडाने ते एकाच प्रकारे निघाले. "माझं चुकलं, ताई. मला माफ कर."

"बघते," ती म्हणाली. नाक ओढून पुन्हा कागदावर वाकली. "'भीतीने' हा शब्द राहू दे. तो खरा आहे, आणि कुणाच्या भीतीने तेही लिही."

अर्ध्या तासात चार कागदांच्या पाच ओळी झाल्या. सहावी मौनीने स्वतः लिहिली आणि कागद तिच्याकडे सरकवला. 'ती खरे बोलत होती.' ताईने पेन उचलले, धरून ठेवले, आणि काही न खोडता टोपण लावले.

"छापणार कुठे हे?"

"त्या पानाची मागची बाजू कोरी आहे."

"चकचकीत कागदावर तुझी शाई टिकायची नाही, पसरेल." तिने खणातून तसलीच चार पेने काढून त्याच्या खिशात खुपसली. "ही काचेवर लिहितात. जा. पण आधी त्यांना सांगून कर. चोरून करू नकोस. चोरून आपण एकदा केलंय."

* * *

बुधवारी सकाळी वडील खुर्चीत ताठ बसून वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्राची घडीसुद्धा पट्टीने आखल्यासारखी होती. मौनीने उभ्यानेच सांगितले. त्या खोलीत तो आजवर कधी बसलेला नव्हता.

वडिलांनी वर्तमानपत्र खाली केले नाही. "मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय?"

"तुझ्या बोटाला पट्टी होती. मी काय आंधळा आहे?"

सतरा वर्षे मौनीने एक गोष्ट उराशी धरली होती: वडील कठोर होते, पण फसवले गेले होते, फसवणारा तो होता. आता त्या गोष्टीचा टेकूच निघाला.

"मग ताईला शिक्षा कसली?"

"सही झालेल्या नोंदीला तिने माझ्यासमोर खोटं म्हटलं. उद्या घरातलं कुणीही उठून म्हणेल. सूक्ष्मदर्शकाचं काय, शाळेने दुसरा आणला." त्यांनी पान उलटले. "तू ते विसर. ती नोंद आज शेकडो मुलांना उपयोगी पडेल."

"ते पान काढा, बाबा."

"पुस्तक माझं आहे."

"अक्षर माझं आहे." आवाज त्याला परका वाटला, कुठल्या तरी मोठ्या माणसाचा. "मला न विचारता छापलंत. काढणार नसाल तर मी त्याच्या मागे खरं काय ते लिहीन. सगळ्या प्रतींत. हाताने."

तेव्हा वर्तमानपत्र खाली आले. वडील हसले, वर्गातल्या ढ मुलाने हात वर केल्यावर हसायचे तसे.

"दोनशे प्रतींत? तू? शंभर ओळींची शिक्षा दिली की साठाव्या ओळीवर झोपी जायचास. तुझ्याच्याने शंभर ओळी कधी पुऱ्या झाल्या नाहीत, आणि व्हायच्याही नाहीत. जा, कामाला उशीर होतोय."

म्हणून त्यांनी छापखान्यात निरोप धाडला नाही. आयुष्यभर मुलांचे प्रगतिपुस्तक लिहिणाऱ्या माणसाने मुलाला त्याच्या नवव्या वर्षीचेच गुण दिले आणि सही करून टाकली.

छापखान्याच्या मालकांनी मात्र सगळे ऐकून कपाळाला हात लावला. "छापायचं नाव काढू नकोस. एक अक्षर छापणार नाही मी. गिऱ्हाईक तुझा बाप आहे आणि माझ्या तिन्ही मुलांचा मास्तर होता." मग ते चष्मा पुसू लागले, आणि तो पुसण्याजोगा नसतानाही बराच वेळ पुसत राहिले. "धाकटा अजून त्यांचं नाव निघालं की उठून उभा राहतो. चाळीशी आली त्याची... हाताने काय ते बांधणी खात्यात. मी वर चढत नाही. गुडघे धरलेत माझे."

मौनी वर गेला. पाचव्या पानाचा गठ्ठा त्याने उपडा केला, कोरी बाजू वर. पहिले पान लिहिताना तो दर शब्दाला ताईने खोडलेल्या कागदाकडे पाहत होता. विसाव्या पानापर्यंत शब्द पाठ झाले. पन्नासाव्यावर शब्दांचा अर्थ गेला, नुसत्या रेषा उरल्या. आणि साठाव्या पानावर, तिथेच कुठेतरी, तो अर्थ परत आला. पण आता त्यात रडू नव्हते. शिक्षेच्या ओळी तो अशाच लिहायचा, मान खाली घालून, 'मी खोटे बोलणार नाही, मी खोटे बोलणार नाही.' तेव्हा ते वाक्य दुसऱ्याचे होते. हे त्याचे होते. तेवढा एकच फरक, पण त्या फरकाने पाठ आपोआप सरळ झाली.

मावशी खळीचे भांडे घेऊन आल्या, वाळत ठेवलेल्या पानांपैकी एक उचलून त्यांनी वाचले आणि प्रथमच काही बोलल्या नाहीत. घड्या घालणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. मावशींनी पान जागेवर ठेवले आणि स्वतःच्या हाताने पुढचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. तासाभराने मात्र त्यांच्याच्याने राहवेना.

"एखाद्या ओळीत बापाला चार शब्द सुनावले असतेस तर काय बिघडलं असतं?"

"होते. ताईने खोडले."

"शहाणी दिसते तुझी बहीण," मावशी म्हणाल्या. "मी नसते खोडले."

शुक्रवारी दुपारी चौथे पेन संपत आले तेव्हा दोनशेवे पान लिहून झाले. मौनीने खळीची रेघ ओढली आणि एकेक पान जागेवर बसवले, हाडाच्या पट्टीने दाबून, नेहमीपेक्षा दुप्पट घट्ट.

* * *

शनिवारी सभागृहात खुर्च्या भरू लागल्या होत्या. दाराशी टेबलावर पुस्तके रचून मौनी आणि मावशी उभे होते. वडील आले, वरची प्रत उचलली, पाठ तपासली, शिलाई तपासली, आणि चित्रांच्या पानांशी येऊन थांबले. त्यांनी पाचवे पान उलटले. मग ती प्रत ठेवून दुसरी उघडली. मग तिसरी. मग गठ्ठ्याच्या तळातून एक ओढून काढली.

"सगळ्यांत?"

"दोनशे," मौनी म्हणाला. "प्रत्येकी सहा ओळी. बाराशे झाल्या, बाबा. झोपलो नाही."

वडिलांच्या मानेवरची शीर वर आली. "हे पान फाडून काढा. आत्ताच्या आत्ता."

"काढा की, साहेब," मावशींनी अदबीने कात्री पुढे केली. "पण कड राहते हो. सगळ्या पुस्तकांत एकाच जागी फाटकी कड दिसली की लोक विचारणार, इथे काय होतं? मग तुम्हालाच सांगावं लागेल."

वडिलांनी कात्रीकडे पाहिले. तेवढ्यात दोन जुने विद्यार्थी नमस्कार करीत पुढे आले आणि आपापली प्रत घेऊन गेले. मग आणखी चौघे. गठ्ठा खाली येऊ लागला. वडील व्यासपीठाकडे निघून गेले.

भाषणे झाली. पहिल्या भाषणात लोक ऐकत होते; दुसऱ्यात पाने उलटण्याचा आवाज येऊ लागला, आधी एका रांगेत, मग पुढच्या, मग सगळीकडे. कुणीतरी शेजाऱ्याला कोपराने ढोसले. आत्याने पुस्तक मिटले, पुन्हा उघडले, आणि पदराने तोंड पुसले. उत्तराला उठलेल्या वडिलांनी शिस्तीवर बोलायला सुरुवात केली, पण समोरची डोकी वर नव्हती. चाळीस वर्षांत असा वर्ग त्यांनी पाहिलेला नसावा. भाषण लवकर संपले.

टाळ्या चालू असतानाच मागच्या दारातून ताई आत आली. अंगावर दुकानातलाच कोट, बाह्यांवर काचेची पांढरी भुकटी. टेबलावर राहिलेल्यांतली एक प्रत तिने उचलली, मधल्या वाटेने चालत व्यासपीठापाशी गेली, पाचवे पान उलटले, आणि उघडे पुस्तक वडिलांसमोर धरले. दुसऱ्या हातात लाल पेन होते.

"सही राहिलीय," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण पहिल्या पाच रांगांना ऐकू गेला. "नोंद वाचून झाली की तुम्ही सही करायचात ना?"

वडिलांनी पुस्तकाकडे पाहिले, पेनाकडे पाहिले. त्यांचा हात टेबलावरून थोडासा उचलला गेला, निदान मौनीला तसे वाटले. मग तो पुन्हा जिथे होता तिथे जाऊन बसला.

"मी अशा गोष्टींवर सही करत नाही."

"नका करू." ताईने पेनाचे टोपण लावले. "त्यावाचून अडत नाही. खरं आहे ते."

ती वळली. मौनी टेबलामागून बाहेर आला आणि तिच्याबरोबर चालू लागला. कुणी बोलावले नव्हते, कुणी अडवलेही नाही. पाठीमागे मावशींचा आवाज येत होता, "घ्या, घ्या, शेवटच्या चार राहिल्यात."

पायऱ्यांवर ऊन होते. ताईने पुस्तक डोळ्यांपासून दूर धरले, मग जवळ आणले.

"अक्षर अजून तसंच रे तुझं. ओळी घसरतातच."

"माफ केलंस?"

"बघते म्हटलं ना." तिने पुस्तक काखेत मारले आणि रस्ता ओलांडायला पाऊल उचलले. "चल, दुकानात. ती कवितेची चारही पानं घेऊन ये उद्या. खोडलेलं सगळंच काही वाईट नव्हतं."